नखाची रेघ

देवकाबाईंनी पेन्सिलीची रेघ असलेला तुकडा तिसऱ्यांदा साबण लावून घासला, पिळला आणि उन्हात धरला. रेघ होती तशीच होती.

"नाई जात बाई थे," त्या म्हणाल्या. "कापड फाटून जाईन, पन रेघ नाई जानार."

शेडच्या मागच्या ओट्यावर आम्ही दोघी बसलो होतो. दोरीवर पांढऱ्या मांजरपाटाचे आणखी पाच तुकडे वाळत होते. प्रत्येकावर मी वेगवेगळ्या गोष्टीनं शंकरपाळ्याच्या चौकटी आखल्या होत्या आणि प्रत्येक तुकडा दोनदा धुतला होता. त्यातला एकही मला पास करता येत नव्हता. मी सकाळी चारला उठलेली होते. भिंतीला डोकं टेकून डोळे मिटावेत एवढंच वाटत होतं.

हे सत्त्याऐंशी सालचं आहे. यवतमाळच्या बाजूला एक कुष्ठधाम होतं, त्याच्या शिवणशेडवर मी शिक्षिका होते. वय सव्वीस. शेडमध्ये बारा बायका गोधड्या शिवायच्या. बाराही जणींचा रोग कधीच बरा झाला होता. औषधानं रोग जातो, पण हातातून गेलेली जाणीव परत येत नाही, वाकडी झालेली बोटं सरळ होत नाहीत. काहींना घरच्यांनी परत घेतलं नव्हतं, काहींनी स्वतःच जायचं टाळलं होतं. देवकाबाई मडावी त्यांच्यातल्या. पन्नाशीच्या असाव्यात. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळलेली, पण अंगठा आणि पहिली दोन बोटं धड होती, आणि बाराजणींत त्यांच्याइतका सरळ टाका कुणाचाच पडत नव्हता.

पुण्याच्या एका दुकानाकडे आम्ही पाठवलेल्या सातच्या सात गोधड्या परत आल्या होत्या. सोबत पत्र होतं. टाक्यांखाली आखणीच्या रेघा दिसतात, धुऊन जात नाहीत, ग्राहक नापसंत करतात. पुन्हा अशाच येणार असतील तर माल पाठवू नये.

ते पत्र व्यवस्थापक पांढरीपांडेकाकांनी मला टेबलाच्या पलीकडून सरकवलं. शांत माणूस होता. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कुमुदबाई, रेघा हे खरं कारण आहे की निमित्त, मला माहीत नाही," ते म्हणाले. "कुणी शिवल्यात ते कळलं आणि मग गिऱ्हाइकाला रेघा दिसायला लागल्या, असंही असेल."

"मग आपण काय करायचं?"

"रेघ दिसणार नाही असं करायचं. म्हणजे खरं कारण काय ते तरी कळेल." चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "कमिटीतल्या दोघांना ही शेड गाईंच्या चाऱ्यासाठी पाहिजे आहे. पुढच्या चौदा गोधड्याही परत आल्या तर माझ्याकडं बोलायला काही राहणार नाही."

चौदा गोधड्या, आणि पाठवायला अठरा दिवस. घरी माझे वडील अर्धांगवायूनं अंथरुणावर होते. पहाटे त्यांचं सगळं करायचं, मग सायकलनं सात किलोमीटर यायचं, संध्याकाळी तेवढंच परत जाऊन पुन्हा त्यांचं करायचं. शेड बंद झाली असती तर मला दुसरी नोकरी कुणी दिली असती, हेही ठाऊक नव्हतं. कुष्ठधामात काम केलेली बाई म्हटल्यावर लोक पेला वेगळा ठेवायचे.

तर ते सहा तुकडे. पेन्सिल गेली नाही. पिवळी रंगीत पेन्सिल आधी पुसट वाटली, पण इस्तरी फिरवल्यावर कापडात मुरून बसली. गेरू तर विचारायलाच नको. भोकं पाडलेल्या कागदावरून रॉकेलमधली नीळ फिरवून बघितली, तेव्हा नक्षी सुरेख उमटली. पण धुतल्यावर नीळ पसरली आणि रॉकेलचा वास कशानं जाईना. शिंप्याचा चपटा खडू सगळ्यांत चांगला, फक्त तो चिमटीत घट्ट दाबून ओढावा लागतो आणि सुई धरता आली तरी तेवढी घट्ट चिमटी बारातल्या नऊजणींना येत नव्हती. शिवाय अर्धी गोधडी शिवून होईपर्यंत तो झडून जायचा. साबणाची चीप धुतल्यावर जाते, पण पांढऱ्यावर मुळात दिसतच नाही.

"माही माय वाकय शिवे," देवकाबाई म्हणाल्या. वाकय म्हणजे गोधडी. "तं थे काईच नाई घे. नखानं रेघ पाडे."

"नखानं?"

त्यांनी कोरा तुकडा ओट्याच्या गुळगुळीत फरशीवर पसरला, डाव्या पंजानं दाबून धरला आणि उजव्या अंगठ्याचं नख कापडावर टेकवून एका दमात खाली ओढलं. नख जाड होतं, पिवळट, एखाद्या शिंपल्यासारखं. कापडावर रेघ उमटली. रंग नाही, डाग नाही, नुसती घडीसारखी बारीक खाच. शेजारी दुसरी ओढली. पट्टी लावून आखावी इतकी ती पहिलीला समांतर होती.

मी तुकडा उचलून तिरका धरला. रेघ स्पष्ट दिसत होती. दोनदा हात फिरवल्यावर मात्र पुसट झाली.

"कापडाला खळ दिली तर?" मी म्हणाले. "पातळ पेज लावून वाळवलं तर खाच टिकेल."

"टिकन ना," त्या म्हणाल्या. "पन जोर लागन मंग."

"जमेल तुम्हाला?"

त्या हसल्या. "मले काय होते?"

मी त्याच दुपारी तांदळाची पेज करून घेतली. चौदा गोधड्यांचं वरचं कापड पेजेतून काढून वाळवलं. ते कडक झालं, आणि त्यावर देवकाबाईंच्या नखाची रेघ अशी बसली की हातांनी चुरगळूनही जाईना. शिवून झाल्यावर कोमट पाण्यात बुडवलं की पेजही जायची आणि रेघही. कापड असं निघायचं जसं त्याला कुणी हातच लावला नव्हता.

सोमवारपासून काम सुरू झालं. एका गोधडीवर चारशेच्या वर रेघा. बाकीच्या अकराजणींनी नख लावून बघितलं, पण कुणाचं नख मऊ, कुणाचं अर्धंच उरलेलं, कुणाची रेघ तिरकी. शेवटी आखणी एकट्या देवकाबाईंवर आली आणि अकराजणी सुई ओवून त्यांच्या तोंडाकडं बघत बसायला लागल्या.

"देवका, माह्याकडं टाक व आता."

"थांब ना. सखूचं होऊ दे पहिले."

असं त्यांना आधी कुणी हाक मारताना मी ऐकलं नव्हतं. त्या एरवी कोपऱ्यात बसायच्या, जेवायलाही शेवटी उठायच्या. आता शेडच्या मधोमध त्यांचा पाट होता आणि त्या सांगतील त्या क्रमानं कापड फिरत होतं. दुपारी मी "जरा थांबा" म्हटलं तरी थांबायच्या नाहीत. मीही फार म्हटलं नाही.

पहिल्या आठवड्यात सात गोधड्या आखून झाल्या. दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी अकरावी चालू होती. कापड घ्यायला मी वाकले तेव्हा त्यांनी उजवा हात चटकन पदराखाली घेतला.

"दाखवा," मी म्हटलं.

"काई नाई बाई."

"देवकाबाई, अंगठा दाखवा."

त्यांनी हात बाहेर काढला. नखाखाली काळंनिळं झालं होतं. नखाच्या एका बाजूला मोठा पांढरा फोड होता, आणि त्याच्या कडेची कातडी सुटून लोंबत होती.

"दुखतं का?"

"नाई. काईच नाई दुखत."

मी उभी राहिले. तिथं कुणी "दुखतंय" म्हटलं की आम्हाला हायसं वाटायचं. "दुखत नाही" म्हटलं की हातातलं काम तिथंच काढून घ्यायचं, माणसाला ड्रेसिंगच्या खोलीत पाठवायचं आणि जखम भरेपर्यंत शेडमध्ये येऊ द्यायचं नाही. सांगायला दुखणंच नसतं, म्हणून तर त्यांचे हात जातात. नव्या आलेल्या प्रत्येक बाईला हे मीच समजावून सांगायची. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येकीचे हात उलटसुलट करून बघणं माझ्या कामातच होतं. त्या दोन आठवड्यांत मी ते दारात उभी राहून करत होते, म्हणजे करत नव्हते.

साडेतीन गोधड्या उरल्या होत्या. आधल्या रात्री वडिलांना ताप होता, मी बसूनच होते. डोळ्यांत वाळू असल्यासारखं होत होतं.

"ही अकरावी पुरी करा," मी म्हणाले. "मग शालिकरामकडं जाऊन पट्टी करून घ्या."

"हाव," त्या म्हणाल्या.

शालिकराम आमचे ड्रेसर. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं त्यांच्याकडं. देवकाबाई त्यांच्याकडं गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगठ्याला चिंधी होती. ती आमच्याच मांजरपाटाची होती. मी विचारलं नाही. त्या चिंधी सोडायच्या, रेघ ओढायच्या आणि कुणी जवळ आलं की पुन्हा गुंडाळायच्या. बाराव्या गोधडीच्या कोपऱ्यात एक लहानसा ओला डाग मला दिसला. तो मी स्वतः पाण्यानं पुसून काढला.

शनिवारी दुपारी चौदावी आखून झाली. मंगळवारी सगळ्या शिवून, धुऊन, वाळवून झाल्या. पांढरीपांडेकाका स्वतः शेडमध्ये आले. एकेक गोधडी दाराच्या उजेडात धरून त्यांनी बघितली.

"रेघ कुठं गेली हो?" ते म्हणाले.

"गेली," मी म्हणाले.

"काय वापरलंत?"

"चमचा," मी म्हणाले. "चमच्याचा दांडा. कापडाला पेज लावून."

ते मी का म्हटलं, मला अजूनही नीट सांगता येत नाही. देवकाबाई त्या दिवशी आल्या नव्हत्या, एवढं मात्र मला त्या क्षणी फार जाणवलं. सोमवारपासून आल्या नव्हत्या. मी तपास केला नव्हता.

बुधवारी शालिकराम शेडच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, देवकाबाईले ताप हाय. हात कोपरापर्यंत सुजला. म्या काल रात्री पाह्यलं तवा अंगठ्यातून पू येऊन राहिला होता."

"कशानं झालं?"

"थे म्हन्ते, चुलीवरचं भांडं उचलताना भाजलं." ते थांबले. "भाजल्यावानी नाई दिसत. हे आठ-धा दिवसांचं हाय. तुमाले दिसलं नाई काय बाई? तुमी तं रोज हात पाहता."

"नाही," मी म्हणाले. "मला नाही दिसलं."

त्यांनी माझ्याकडं थोडा वेळ बघितलं आणि ते गेले.

हाडापर्यंत गेलं होतं. गावातून आठवड्याला येणाऱ्या डॉक्टरांनी तीन आठवडे प्रयत्न केले आणि मग अंगठ्याचं वरचं पेर काढलं. मी वॉर्डात दोनदा गेले. दोन्ही वेळा देवकाबाई झोपलेल्या होत्या, की डोळे मिटून होत्या. दोन्ही वेळा मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी पुण्याचं पत्र आलं. पांढरीपांडेकाका ते हातात घेऊन मला शोधत आले. मी त्या माणसाला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. चौदाही गोधड्या विकल्या गेल्या होत्या. आणखी चाळीस हव्या होत्या. शेवटी लिहिलं होतं: आखणीच्या रेघेचा मागमूसही राहिलेला नाही. आमच्याकडे माल देणाऱ्या इतर गटांनाही हे सांगावं असा विचार आहे. आपण कापडावर आखणीसाठी कोणतं साधन वापरता, ते कृपया कळवावं.

"तुम्हीच लिहा उत्तर," काका म्हणाले. "चमच्याचं ते सगळं नीट समजावून लिहा. म्हणजे पाच वाजताच्या टपालात मी टाकतो. आणि हे पुण्याचं पत्र वॉर्डात जाऊन देवकाबाईंना वाचून दाखवा बरं. बिचारीला बरं वाटेल. शेवटी तीही राबलीय त्यात."

देवकाबाई खाटेवर बसल्या होत्या. हाताला मोठी पट्टी, पांढऱ्या बोचक्यासारखी. वॉर्डात दुपारी दुसरं कुणी नव्हतं. मी स्टुलावर बसले आणि पत्र वाचलं.

"पुन्ना वाचा," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.

"मागमूस नाई म्हन्ते," त्या म्हणाल्या. पट्टीचा हात त्यांनी मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "थे इचारून राहिले ना, काय लावता म्हून?"

"हो."

"मंग लिवा ना. देवकाबाई मडावीचं नख, म्हून लिवा. आता नाई म्हना थे. पन होतं म्हून लिवा."

मी पुण्याच्या पत्राची घडी घातली.

"मले मालूम होतं बाई," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "तुमी म्हनाले तरी मी नाई गेली शालिकरामकडं. गेली असती तं त्यानं झोपवून ठेवली असती. मंग रेघ कोनं पाडली असती? तुमच्यावर काई येऊ नाई म्हून म्या चुलीचं सांगतलं. तुमी मनाले लावून घेऊ नका. पन माहं नाव लिवा."

मी पिशवीतून कागद काढला, मांडीवर पुठ्ठा घेतला आणि त्यांच्यासमोरच लिहायला लागले. पत्र पाच वाजता पांढरीपांडेकाकांच्या हातात जाणार होतं. ते वाचून मग पाकिटात घालायचे, ही त्यांची सवय होती. नख लिहिलं असतं तर त्यांना अंगठा आठवला असता. मग चूल कुठली, हे आलं असतं. मग सकाळी रोज हात बघायचं काम कुणाचं, हेही. घरी वडील होते.

मी लिहिलं: आखणीसाठी आम्ही साध्या चमच्याचा दांडा वापरतो. कापडास आधी तांदळाची पातळ पेज लावावी.

खाली सही केली.

"वाचा काय लिवलं थे," देवकाबाई म्हणाल्या.

त्यांना अक्षर येत नव्हतं. मी कागद समोर धरला आणि वाचलं, "'आपले पत्र मिळाले. आमच्या शेडमधील देवकाबाई मडावी या आपल्या अंगठ्याच्या नखाने कापडावर रेघ पाडतात. दुसरे कोणतेही साधन आम्ही वापरत नाही.'"

माझा आवाज नेहमीसारखाच होता. मला त्याचं आश्चर्य वाटलं.

"मडावी लिवलं?"

"लिहिलं."

"कुठी हाय? दाखवा."

मी कागद त्यांच्याजवळ नेला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. 'चमच्याचा' या शब्दावर. त्यांनी डावा हात उचलला, वाकडं बोट त्या शब्दावर टेकवलं आणि हळूच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं.

"मोठं दिसते," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले. "आडनाव धरून आहे ना."

पत्र पाच वाजता गेलं. चाळीस गोधड्या आम्ही खरंच चमच्यानं आखल्या. दांड्यावर सायकलची ट्यूब गुंडाळून जाड मूठ केली, म्हणजे घट्ट चिमटी नसलेल्या बायकांनाही तो धरता यायचा आणि कातडीला लागायचा नाही. रेघ पूर्वीसारखी बारीक पडली नाही. पुण्याहून त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. पुढं शेड वाढली, दोन खोल्या झाल्या, चारा दुसरीकडं गेला.

मी सत्तावीस वर्षं तिथं काढली. रोज सकाळी प्रत्येक हात उलटा करून, खिडकीशी नेऊन बघितला. शालिकराम म्हणायचे, बाई, तुमच्या नजरेतून मुंगीचा डंखसुद्धा सुटत नाही. त्यांनी ते कौतुकानं म्हटलं की कसं, मी कधी विचारलं नाही.

त्या पुण्याच्या दुकानाला नंतर एक साधं कार्ड टाकलं असतं तरी झालं असतं. वडील चार वर्षांत गेले. पांढरीपांडेकाका त्याआधीच निवृत्त झाले. मला भ्यायला कुणी उरलं नव्हतं. पत्ता माझ्या वहीत होता. मी ते कार्ड टाकलं नाही. आधी उद्या टाकू असं वाटायचं, मग आता काय म्हणून टाकायचं असं वाटायला लागलं.

देवकाबाई त्यानंतर सतरा वर्षं होत्या. उरलेल्या बोटांनी त्या गोधड्यांचे काठ दुमडायच्या. शेड बघायला पाहुणे यायचे, शाळेच्या सहली यायच्या, कधी परदेशातलं कुणी. देवकाबाई पाटावरून उठायच्या आणि आखूड झालेला अंगठा पुढं करून त्यांना सांगायच्या, "ह्या अंगठ्याचं नख होतं ना, त्याच्या रेघेनं ही शेड वाचली. माहं नाव पुन्याले लिवून धाडलं बाईनं. आडनाव धरून. इचारा बाईले."

मग पाहुणे वळून माझ्याकडं बघायचे. आणि मी म्हणायची, हो, लिहिलं होतं.